कुरड्यांच्या शेजारची दोरी

चैत्र लागला की आमचं छत सासूबाईंचं होतं. नागपुरात हुडकेश्वरला घर बांधायला काढलं तेव्हा एखादी खोली कमी चालेल पण छत सपाट आणि मोकळं हवं, हा हट्ट त्यांनी धरला होता. पाण्याची टाकीसुद्धा त्यांनी कोपऱ्यात ढकलायला लावली, कारण टाकीची सावली वाळवणावर पडली असती. मिस्त्री म्हणाला, पाइप लांबवावा लागेल. सासूबाई म्हणाल्या, लांबव. घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे याची त्यांनी कधी चौकशी केली नाही, छताला ऊन किती लागतं याची मात्र केली.

या छतावर त्या कुरड्या घालतात. गहू कळमन्याच्या बाजारातलाच लागतो, तो निवडून भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचा चीक काढायचा आणि उजाडायच्या आत मोठ्या गंजात शिजवायचा. ऊन वर यायच्या आधी सोऱ्यातून शेवटची कुरडई कपड्यावर पडलेली असते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, कुरडई ती कुरडई, त्यात एवढं काय. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी एक तळून माझ्या ताटात टाकली. इतकी पांढरी, इतकी हलकी की खायच्या आधी मी ती उलटीपालटी करून पाहिली. तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्या कुरड्यांविषयी मी उलट बोललेली नाही. बाकी विषयांवर बोलते. माझं तोंड जरा तिखट आहे, घरात कुणालाही विचारा.

तर या छताचा एक नियम होता. वाळवणाच्या दिवसांत जिची पाळी सुरू असेल तिने छताच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. तिची सावली पडली की कुरड्या तळताना लाल होतात. बाकीचे नियम काळाबरोबर सैल झाले होते. स्वयंपाकघरात मी त्या दिवसांत बिनधास्त वावरायची, देवघराजवळून गेले तरी सासूबाई दुसरीकडे बघायच्या. पण छत म्हणजे छत. मीही त्यावर कधी वाद घातला नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात कुणी छतावर येऊ नकोस म्हटलं तर नाक मुरडायचं कशाला? मी कूलरसमोर बसून त्या नियमाचा मनापासून मान राखायची.

माझी मुलगी नववीत आहे आणि ती पळते. म्हणजे खो-खो खेळते, पण आमच्या दृष्टीने ती पळते, कारण घरात ती चालताना कुणी पाहिलेली नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा मैदानावरून आली आणि दप्तर टाकून सरळ म्हणाली, "आई, ते पॅकेटमधलं मले घासतं. मी पळू कशी?" घरात तिचे बाबा होते, आजी होती. तिने आवाज खाली केला नाही. तिच्या वयाची असताना मी आईला खुणेने सांगायची आणि आई कपाटातून पॅकेट काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, जणू चोरीचा माल, माझ्या हातात द्यायची. महाल भागातल्या माझ्या माहेरी एवढी माणसं होती, पण या विषयावर एक अक्षर कुणी बोललं नाही. आणि इथे ही पोरगी बाबांच्या चहाच्या कपावरून हे वाक्य सहज टाकून हातपाय धुवायला गेली.

तिच्या एका मैत्रिणीकडे कापडी पॅड होते. धुवायचे आणि पुन्हा वापरायचे. मऊ सुती कापडाचे थर, खाली बटण. तिला ते हवे होते, आम्ही आणले. आणल्यावर माझ्या लक्षात आलं की ते धुवायचे कसे, हे मला अजिबात माहीत नाही. मी पॅकेटच्या जमान्यातली. पहिल्या वेळी पोरीला म्हटलं, थांब, मी दाखवते, आणि मोठ्या आत्मविश्वासाने गीझर लावून बादलीत कढत पाणी सोडलं.

"गरम नको टाकू वं," दारातून सासूबाई म्हणाल्या. "गरम पाण्यानं ते कापडात बसून जाते. मंग जन्मभर घासत बस."

त्या आत आल्या. साडीचा ओचा खोचला, पाट ओढला आणि बसल्या. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांची पाळी गेलेली, पण हात काहीच विसरले नव्हते. आधी गार पाण्यात कापड नुसतं बुडवून ठेवलं, हात लावला नाही. "त्याले सुटू दे. आपण घाई केली का ते हट्ट धरते." थोड्या वेळाने ते पाणी ओतलं, दुसरं घेतलं, मग तिसरं. पाणी लाल होतं, मग गुलाबी झालं, मग साधं पाणी झालं. मग साबणाची वडी. ब्रश नाही. ब्रशने धागे उठतात आणि उठलेला धागा पोरीला बोचेल, म्हणून तळहातावर धरून अंगठ्याने, शिवणीच्या कडेकडेने. शेवटी कापड पालथं धरून त्यातून स्वच्छ पाणी गाळल्यासारखं जाऊ दिलं. "साबण राहू द्यायचा नाही. राहिला तर आग होते." पिळताना पीळ घातला नाही, दोन तळहातांत दाबलं.

माझी मुलगी उकिडवी बसून हे सगळं पाहत होती, आणि मी दारात उभी. मी रोज कपडे धुते, मशीनला लावते, त्यात पाहण्यासारखं काय असतं? पण तेवढा वेळ मला जागचं हलवेना. जे बघायची मला शरम वाटली असती, ते त्या हातांत एखाद्या तान्ह्या मुलाच्या अंघोळीसारखं दिसत होतं. शेवटी कापड उलगडलं तर पांढरं. नुसतं डाग गेलेलं म्हणत नाही मी, नव्यासारखं पांढरं.

मग त्यांनी नातीला रीत सांगितली. हे सांगताना त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा झाला होता. बादली आपली वेगळी, झाकणाची. भिजत घातलं की विसरून मैत्रिणीला फोन लावायचा नाही, मागून येणाऱ्याने तुझी बादली का पाहावी? धुऊन झालं की फरशीवर पाणी मारायचं, नळाच्या तोटीलाही मारायचं, कारण बोट तिथे लागलेलं असतं आणि ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. साबण धुऊन ठेवायचा. आपल्या मागे न्हाणी अशी दिसली पाहिजे की कुणी आलंच नव्हतं.

"अन् सुकवायचं कुठं?" पोरीने विचारलं.

"इथंच. दाराच्या मांग. वरून परकर टाकायचा. कोणाले दिसू नाही."

पोरीने मान हलवली. एवढी मोठी विद्या ज्यांनी दिली त्यांच्या शेवटच्या वाक्यावर कोण शंका घेणार? मीही नाही घेतली. हिवाळाभर ते बरं चाललं. न्हाणीच्या खिडकीतून कोरडी हवा यायची, परकराखालीसुद्धा कापड वाळायचं. पोरगी खूश होती, पळत होती. उन्हाळ्यात जिल्ह्याच्या संघासाठी राहण्याचं शिबिर लागणार होतं, त्यात तिचं नाव आलं. संघ त्या शिबिरातूनच निवडायचा होता. तिने त्या बातमीनंतर दोन वेळा जेवण सोडून फक्त उड्या मारल्या.

मग चैत्र आला आणि यांनी कूलर बसवला. आमचा कूलर दरवर्षी न्हाणीच्या खिडकीला बाहेरून लागतो, कारण न्हाणीचं दार उघडं ठेवलं की तिथूनच बैठकीत गार हवा खेळते. खिडकी बंद होते, वाळ्याच्या ताटीतून दिवसभर पाणी ठिबकत राहतं. बाहेर स्कूटीच्या सीटवर पोळी भाजता येईल असं ऊन आणि आमच्या न्हाणीत मात्र श्रावण. भिंतीला हात लावला तर हात ओला. त्या ओलीत, दाराच्या मागे, परकराच्या खाली, पोरीचे पॅड वाळत होते. वरून हात लावला तर कोरडे लागायचे. आतले थर कुणी पाहिले होते?

पुढच्या पाळीनंतर ती मैदानावरून लवकर घरी आली. पलंगावर पाय फाकवून पडून राहिली. मी विचारलं तर आधी काही नाही म्हणाली, आणि ही पोरगी काही नाही म्हणते तेव्हा काहीतरी नक्की असतं. खाज होती, आग होती, चालताना मांड्या घासत होत्या. मी पाहिलं आणि लगेच चपला घातल्या.

आमच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघी गेलो. सासूबाई घरातल्या कुणाच्याही दुखण्याला दवाखान्यात येतातच, मग ते दाताचं का असेना. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. बाईंनी पोरीला तपासलं, मग बसवून एकेक विचारलं. आग लघवीच्या वेळी होते का? पांढरं जातं का? दह्यासारखं? वास येतो का? पोरीने होय, होय, थोडा, असं सरळ सांगितलं. पॅड कोणते वापरतेस, धुतेस कसे, तेही सांगितलं. बाई खूश झाल्या.

"धुता तर फार छान. वाळवता कुठे?"

"बाथरूममध्ये. परकराच्या खाली," पोरगी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिथेच चुकतंय. वरून वाळलं तरी आतून दमट राहतं, आणि दमट कापड अंगाला लागलं की हे होणारच. कडक उन्हात वाळवा, आतपर्यंत ऊन पोचलं पाहिजे. औषध देते, आठेक दिवसांत जाईल. पण पुन्हा ओलं वापरलंस तर पुन्हा होईल, आणि मग शिबिर विसर. असं अंग घेऊन पळता येणार नाही."

पोरीचा चेहरा उतरला. आजार ऐकून उतरला नव्हता तेवढा शिबिर ऐकून उतरला.

सासूबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "बाई, हे औषधानं जाते?"

"जातं की. साधी गोष्ट आहे."

"सगळ्यायचंच जाते?"

"आले दाखवायला तर सगळ्यांचं जातं, आजी."

ऑटोत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी त्या रस्त्याने येताना प्रत्येक भाजीच्या गाडीवर त्यांचं मत असतं. गरम वारा तोंडावर येत होता, त्यांनी पदर नाकावर ओढून घेतला आणि बाहेर पाहत राहिल्या. मला वाटलं, फुगल्या. छताचा प्रश्न आता येणार हे त्यांनीही ओळखलं असणार, कारण घरी गहू निवडायला काढलेला होता. कुरड्यांचे दिवस आणि पोरीच्या पुढच्या पाळीचे दिवस एकमेकांवर येत होते. त्यानंतर लगेच शिबिर. म्हणजे त्या एका पाळीत पॅड नीट वाळले नाहीत तर सगळंच बसलं.

घरात पाऊल टाकताच मी विषय काढला. "आई, छतावर दोरी लागेल."

"कुरोड्या घालायच्या हायेत."

"मग त्या यंदा अंगणात घाला."

"अंगणात कुठं ऊन हाय? आंब्याची सावली हाय तिथं."

"ऊन पोरीलाही हवंय. डॉक्टर काय म्हणाल्या तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

मी आणखी बोलले. कुरड्या मोठ्या की पोरगी, असंही बोलले. त्या गहू निवडत होत्या, निवडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "झालं तुझं बोलून? मंग सरक जराशी, उजेड येऊ दे." मी तणतणत यांच्याकडे गेले. यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की तुम्ही दोघी पाहून घ्या. मी ठरवलं, छत गेलं खड्ड्यात, मी पॅड स्कूटीच्या सीटवर वाळवीन, रस्त्यावर, सगळ्या गल्लीसमोर.

कुरड्यांच्या आदल्या संध्याकाळी पोरीची पाळी आली. सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघरात चीक शिजल्याचा वास होता आणि सासूबाई केव्हाच वर गेल्या होत्या. पोरीने पॅड धुतले, आजीने शिकवलं तसेच. ते बादलीत घेऊन आम्ही दोघी अंगणात स्कूटीजवळ उभ्या होतो आणि सीटवर कपडा अंथरावा की नको याचा विचार करत होतो. वरून हाक आली.

"खाली काय करून राहिल्या वं दोघी? वर या नं."

पोरगी म्हणाली, "मी पण, आजी?"

"तुलेच बोलावून राहिली."

आम्ही वर गेलो. छताच्या मध्यावर, जिथे दरवर्षी कुरड्यांचा कपडा असतो, तिथे दोरी बांधलेली होती. टाकीच्या पाइपपासून जिन्याच्या माथ्यावरच्या भिंतीतल्या खिळ्यापर्यंत, ताठ, नवीन नायलॉनची. स्टूल तिथेच होतं. एवढ्या पहाटे, शिजलेला चीक सोऱ्यात भरायच्या आधी, त्या स्टुलावर चढून त्यांनी ती गाठ मारली होती. कुरड्यांचा कपडा थोडा बाजूला सरकला होता. दोरीची बारीक सावली पहिल्या दोन रांगांवरून जात होती.

"सकाळपासून सांजवरी ऊन राहते अशी जागा हीच हाय," त्या म्हणाल्या. "इथं टाक."

पोरीने चिमटे लावून एकेक पॅड दोरीवर टाकला. ती वाकली, वळली, हात वर केला, आणि तिची सावली कुरड्यांवर पडली. सावली सरकली, पुन्हा पडली. सासूबाई त्या सावलीकडे पाहत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, पण पोरीला बाजूला हो म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, चला, सुटली एकदाची ती समजूत डोक्यातून. डॉक्टरीणबाईंनी काम केलं. मी मनातल्या मनात स्वतःचीही थोडी पाठ थोपटून घेतली, एवढी भांडले होते मी.

कुरड्या कडक वाळल्या त्या दुपारी समोरच्या घरातल्या काकू आल्या. त्यांच्या लेकीच्या सासरी दरवर्षी आमच्या कुरड्या जातात. त्या सवयीने थेट वर चढल्या आणि दोरीसमोर थबकल्या. पोरगी तिथेच बसून वाळलेल्या कुरड्या डब्यात भरत होती.

"हे काय टाकलं इथं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"पोरीचे कपडे."

"अन् कुरोड्या?"

"त्याबी वाळल्या."

"लाल होतीन नं त्या."

"होतीन," सासूबाई म्हणाल्या. "झाल्या तं झाल्या."

मी जिन्याच्या तोंडाशी चहाचे कप घेऊन उभी होते. ते ऐकलं आणि मला कळलं की मी काहीच ओळखलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातून काहीही सुटलं नव्हतं. सावलीने कुरड्या लाल होतात यावर त्यांचा त्या क्षणीही पूर्ण विश्वास होता. कळमन्याचा तो निवडलेला गहू, ते भिजवणं, ते पहाटे उठणं, सगळ्या गोतावळ्यात असलेलं नाव, हे सगळं यंदा वाया जाणार हे धरूनच त्यांनी स्टूल ओढलं होतं. समजूत सोडून दोरी बांधणं सोपं आहे, मीही बांधली असती. समजूत तशीच ठेवून बांधणं हे मला नसतं जमलं. हातातले कप ठेवायला मला जागा सुचेना.

"चाल, तळूनच पाहू," सासूबाई त्यांना म्हणाल्या आणि खाली आल्या, मागून पोरगी डबा घेऊन.

कढईत तेल तापलं. त्यांनी डब्यातून एक कुरडई घेतली. निवडून घेतली, दोरीखालच्या रांगेतली. ती तेलावर धरली आणि धरूनच राहिल्या. आयुष्यभर त्यांनी जे कधी करून पाहिलं नव्हतं, कुणी त्यांना पाहू दिलं नव्हतं, ते आता बोटाएवढ्या अंतरावर होतं. मी श्वास रोखला. माझा त्या समजुतीवर विश्वास नव्हता, तरी रोखला.

कुरडई तेलात गेली. एक क्षण काहीच झालं नाही, मग ती सगळीकडून उमलली. कढई भरून पांढरी. मोगऱ्याच्या गजऱ्यासारखी पांढरी. त्यांनी ती झाऱ्याने उचलली, ताटात ठेवली, आणि दुसरी टाकली. पांढरी. तिसरी, ही पोरीच्या हातातून घेतलेली. पांढरी. समोरच्या काकूंनी दोन खाल्ल्या, तिसरी हातात घेतली, छान झाल्या म्हणाल्या आणि आपल्या वाट्याच्या नंतर नेते म्हणून गेल्या. नंतर कधीच नेल्या नाहीत. सासूबाईंनी तिकडे लक्षही दिलं नाही. त्या गॅस बंद करून ओट्याजवळ जमिनीवर बसल्या आणि ताटातल्या कुरडईकडे पाहत राहिल्या. जिंकल्याचं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. कुणीतरी फार जुना हिशेब चुकला म्हणून सांगावं, तसा चेहरा होता. पोरीने त्यांच्या शेजारी बसून ताट ओढलं आणि कुडुमकुडुम खाऊ लागली.

औषधाने पोरीचं दुखणं गेलं, आणि त्या पाळीनंतर परत आलं नाही. शिबिराला न्यायचे म्हणून सगळे पॅड पुन्हा एकदा धुऊन आम्ही उन्हात टाकले. निघायचा दिवस आला. बस गल्लीच्या तोंडाशी येणार होती, मुलं गोळा करत. पोरगी खाली पिशवी भरत होती, मी आणि सासूबाई छतावर पॅड काढायला गेलो. दुपार कलली होती तरी स्लॅबला पाय टेकवत नव्हता.

त्या एकेक पॅड काढून गालाला लावत होत्या. मी विचारलं हे काय.

"हाताले नाही समजत. हात कामानं जाड झाले. गालाले ओल बरोबर समजते."

मी हसले. त्याही थोड्या हसल्या. मग पुढचा पॅड गालाला लावून, तसाच धरून म्हणाल्या, "मलेबी होतं."

"काय होतं?"

"पोरीले झालं ते. तिच्याएवढी होती तवापासून. पाळी गेली तवा गेलं."

मला आधी नीट समजलं नाही. मग समजलं. त्यांचं लग्न, दोन बाळंतपणं, पहाटेचे चुलीपुढचे ते सगळे चैत्र, सगळं त्या आगीत. वाळवणाच्या दिवसांत त्याही छतावरून खाली उतरल्या असणार, परकराखालचं ओलं कापड घेऊन. मी म्हटलं, "आई, कुणाला सांगितलं नाहीत कधी?"

"काय सांगू वं? दुखलं तं सांगते माणूस. मले वाटे, बाईमाणसाले हे राहतेच. तुलेबी असंल, सगळ्यायलेच असंल, कोणी बोलत नसंल." त्यांनी पॅडची घडी घातली. "अन् ती बाई म्हणे, आठ दिवसांत जाते."

मी तिथे उन्हात उभी होते. मला रडू येत होतं आणि त्यांना मात्र येत नव्हतं. दवाखान्यातल्या त्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन, आपलं अर्धं आयुष्य साध्या औषधाने सुटलं असतं हे त्यांनी ऐकलं होतं, आणि घरी येऊन कुणाला एक शब्द न बोलता दोरी शोधली होती. एवढं मोठं माणूस माझ्या घरात राहतं आणि मी त्यांच्याशी कुरड्या मोठ्या की पोरगी यावर भांडत होते.

खालून हॉर्न वाजला. पोरगी जिन्यातून ओरडली, "आजी, दे लवकर. बस आली."

त्यांच्या हातात शेवटचा एक राहिला होता. त्यांनी तो गालाला लावला, डोळे मिटले, मग उकिडवं बसून तो तापलेल्या स्लॅबवर पालथा घातला आणि वरून तळहाताने दाबून धरला. हॉर्न पुन्हा वाजला.

"बस थांबवा म्हण," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "हे मधात अजून ओलं हाय."